सुट्टीतले बागकाम : रोपांआधी माणसे ओळखा



पूर्वी उन्हाळ्याची सुट्टी लागली की शेतकऱ्याचे पोर मामाच्या गावाला जाई, नाहीतर घरच्याच रानात धसकटे वेचायला लागे. आता काळ पालटला आहे. कृषी महाविद्यालयात किंवा कृषी तंत्र विद्यालयात शिकणारी आपली मुले-मुली सुट्टीत काम शिकायला बाहेर पडू लागली आहेत. कुणी खासगी रोपवाटिकेत जातो, कुणी विद्यापीठाच्या फळबागेत, तर कुणी कृषी विज्ञान केंद्रावर. कुणाची सोय सहा आठवड्यांची होते, कुणाची दहा आठवड्यांची. या शिकाऊ उमेदवारीला मुले इंटर्नशिप म्हणतात आणि हा शब्द आता आपल्या घरातही रुळला आहे.

मुलगा निघायचा ठरला की घरात बोलणे होते. राहायचे कुठे, जेवणाचे काय, चार पैसे मिळणार का, प्रमाणपत्र कधी हाती येणार, असे सगळे विचारून होते. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. तिथे सोबतीला कोण असणार?

हा प्रश्न लहान समजू नका. रोपवाटिकेतली निम्मी विद्या पुस्तकात नसते. ती वीस वर्षे पिशव्या भरणाऱ्या मावशीच्या बोटांत असते, पाणी देणाऱ्या मामाच्या नजरेत असते, कलम बांधणाऱ्या माळीबाबांच्या चाकूत असते. ही माणसे मोकळी झाली तर दहा आठवड्यांत पोर शहाणे होऊन परतते. ती मिटून राहिली तर पोर नुसते उन्हाने काळे होऊन परतते. म्हणून या लेखात रोपांपेक्षा माणसांविषयी अधिक बोलू.

कृषिदूत आणि कृषिकन्या

शिकणाऱ्या पोरांनी शेतकऱ्यात जाऊन राहावे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव दिले गेले. लातूरचे कृषी महाविद्यालय, नांदेडचे कापूस संशोधन केंद्र, लातूरचे गळीतधान्य संशोधन केंद्र ही सारी याच विद्यापीठाची लेकरे. इथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात यावे लागते. खरिपाच्या दिवसांत तुमच्या गावातही ही मुले आली असतील. मातीचा नमुना कसा घ्यावा, बियाण्याला औषध कसे चोळावे, बोर्डो पेस्ट कशी लावावी हे त्यांनी पारावर करून दाखवले असेल. त्यांनाच आपण कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतो. २५ जुलै २०१५ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने हे सारे कार्यानुभव ‘स्टुडंट रेडी’ या एका कार्यक्रमाखाली आणले.

आपल्या भागात हाताने काम करत शिकण्याचा वारसा त्याहून जुना आहे. बिलोली तालुक्यातील सगरोळीला १९५९ साली संस्कृती संवर्धन मंडळ सुरू झाले. शाळेबरोबर शेती हा त्या संस्थेचा बाणा, आणि पुढे तिथे कृषी विज्ञान केंद्रही आले. पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतली मुले कुदळ-फावडे हाती घेऊन शिकली, हे तर घरोघर माहीत आहे.

कृषिदूताची आणि रोपवाटिकेतल्या शिकाऊ पोराची गोष्ट एका बाबतीत वेगळी आहे. कृषिदूत गावात येतो तो काहीतरी सांगायला, म्हणून लोक त्याला खुर्ची देतात. सुट्टीतला शिकाऊ पोरगा मात्र मजुरांच्या रांगेत उकिडवा बसायला येतो. इथे त्याला कुणी खुर्ची देणार नाही, आणि त्याने ती मागूही नये.

पहिल्या दिवशी काय होते

तुमचा मुलगा पहिल्या दिवशी फाटकातून आत येतो. तेव्हा सावलीच्या जाळीखाली बसलेल्या दहा-बारा बाया त्याच्याकडे मान वर करून बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्यांच्या मनात काय येते ते समजून घ्या. हा मालकाचा माणूस आहे का? आमच्या पिशव्या मोजायला आला आहे का? आमचे बोलणे वर पोचवील का? आमचे काम शिकून आमचाच रोज कमी करील का? या शंका वाईट मनातून येत नाहीत. पोट हातावर असले की माणूस असाच सावध राहतो.

ही शंका बोलून जात नाही, ती बसून जाते. मुलाने मोबाईल खिशात ठेवावा, पायजम्याला माती लागेल याची फिकीर सोडावी आणि रांगेच्या शेवटी बसावे. नाव, गाव, कुणाचा कोण, हे विचारतील तेव्हा सरळ सांगावे. आपल्याकडे माणसाची ओळख नात्याने होते. वयाने मोठ्या बाईला मावशी, काकू किंवा अक्का म्हणावे, पुरुषाला मामा, काका किंवा बाबा. मुकादमाला नावाने हाक मारू नये. शिकलेल्या पोराने अनोळखी बाईला ‘ए बाई’ म्हणून हाक मारली, तर तो दिवस तिथेच संपला असे समजा.

आणखी एक. पहिल्या आठवड्यात सुधारणा सुचवू नयेत. कॉलेजात शिकलेले चूक नसते, पण ते कधी आणि कुठे बोलायचे याला वेळ असते. आल्या दिवशीच ‘हे असे करायला पाहिजे’ म्हणणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा काही दाखवत नाही.

मातीची पिशवी हीच पहिली शाळा

रोपवाटिकेत नव्या माणसाला बहुधा पिशव्या भरायला बसवतात. पोरांना वाटते, हे कसले शिक्षण? पण हेच काम मन लावून करावे. गाळाची पोयटा माती, वाळू आणि चाळलेले कुजके शेणखत यांचे मिश्रण मुठीत दाबले की गोळा व्हावा आणि बोटाने टोकरले की फुटावा. मावशी हे न बघता करते. तिला विचारा, ती हातात हात धरून दाखवील. पिशवी भरताना जमिनीवर दोनदा टेकवायची, म्हणजे आत पोकळ जागा राहत नाही. वर दोन बोटे जागा सोडायची, म्हणजे झारीचे पाणी वाहून जात नाही. पिशवीच्या तळाला भोके नसतील तर मुळे सडतात.

मे-जून हा आंब्याच्या कोयी गोळा करण्याचाही काळ. केशर आंब्याचे कलम करायचे तरी खुंट गावरान कोयीचाच घेतात, कारण तो आपल्या मातीत तग धरतो. कोय फार दिवस पडून राहिली तर उगवत नाही, म्हणून ती ताजीच लावावी लागते. कोयी पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या काढून टाकायच्या आणि तळाला बसतील त्या लावायच्या. हे पुस्तकातही आहे. पण बुडालेल्या कोयींतलीही पोकळ कोय हाताच्या वजनाने ओळखणारी माणसे आपल्या रोपवाटिकांत आहेत. असे माणूस भेटले तर त्याच्या शेजारची जागा सोडू नका.

अर्धापूरच्या बाजूला कामाला गेलात तर केळी भेटेल. तिथली अर्धापुरी केळी नावाजलेली. आता ऊतिसंवर्धित रोपांचे काम मोठे आहे. प्रयोगशाळेतून आलेली नाजूक रोपे जाळीखाली हळूहळू उन्हाची सवय लावून तयार करायची आणि मृगबागेच्या लागवडीला द्यायची. मिरची-टोमॅटोचे काम असेल तर कोकोपीट भरलेले अठ्ठ्याण्णव खणांचे ट्रे येतील. बी टोकले की ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदाने झाकतात. कोंब फुटताच ते उघडावे लागतात. एक दिवस उशीर झाला तर रोपे पांढरी आणि लांबट होतात. ही वेळ कोण सांगतो? बहुधा सगळ्यांच्या आधी येणारी आणि कागदाखाली हात घालून ऊब बघणारी एखादी अक्काच सांगते.

भाषेची गाठ

नांदेड आणि लातूर हे सीमेवरचे जिल्हे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडची माणसे घरात तेलुगू बोलतात. उदगीर, निलंगा, देवणीकडे कानडी कानावर पडते. तांड्यावरच्या बाया आपसात गोरमाटी बोलतात. किनवट-माहूरच्या डोंगरातून आलेली गोंड, कोलाम माणसे आपापली बोली बोलतात. शहराजवळच्या रोपवाटिकेत दखनी उर्दू असतेच. एका रांगेत चार भाषा चालू असतात आणि हसू मात्र एकदम फुटते. नव्या पोराला वाटते, हे मलाच हसले.

तसे वाटून घेऊ नये. भाषा हे भांडण नाही, ती दाराची कडी आहे. शेजारच्या माणसाला ‘जेवलात का’ एवढे त्याच्या भाषेत विचारता आले तरी कडी निघते. कानडी बाईला ‘ऊट आयता?’ विचारा, तेलुगू मामांना ‘तिन्नारा?’ विचारा. उच्चार चुकला तर तेच सुधारतील, आणि त्यातून बोलणे सुरू होईल. ‘अक्का’ हा शब्द तर मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही घरांत थोरल्या बहिणीचाच आहे. तांड्यावरच्या म्हातारीला ‘याडी’ म्हटले, तर तुम्ही तिला आई म्हटलेत हे तिला लगेच कळेल.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे स्वातंत्र्यासाठी देश सोडून फिरले आणि मेक्सिकोत शेतीशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी फुकट शेतीशाळा चालवल्या, आणि त्या त्यांच्याच स्पॅनिश भाषेत. परमुलखात जाऊन मराठी माणूस कुणबी-मजुरांची भाषा शिकू शकतो, तर देगलूरची अक्का आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

भाकरीची वेळ आणि एकच माठ

खरी ओळख होते ती भाकरी सोडताना. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर सहज जातो, म्हणून काम पहाटे लवकर सुरू होते आणि दुपारी मोडते. झाडाखाली फडकी सुटतात. कुणाचे धपाटे, कुणाची ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा, कुणाच्या डब्यात आंबाडीची भाजी. शिकाऊ मुलाने या वेळी दुचाकी काढून हॉटेलात जाऊ नये. आपली शिदोरी घेऊन गोलात बसावे. आपल्यातले पुढे करावे आणि त्यांच्यातले मागून घ्यावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या गावांतून जात अजून गेलेली नाही. कुणी कुठे बसायचे, कुणी कुणाच्या हातचे खायचे, माठातले पाणी कुणी ओतून घ्यायचे आणि कुणी बुडवून घ्यायचे, याचे न लिहिलेले नियम अनेक ठिकाणी अजून पाळले जातात. अस्पृश्यता राज्यघटनेने नाहीशी केली आणि ती पाळणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. पण कायदा कागदावर असतो आणि माठ झाडाखाली असतो. तुमचा मुलगा त्या माठाजवळ काय करतो, यावरून ती माणसे त्याला जोखतात. तो सगळ्यांच्या पेल्याने पाणी प्याला आणि वरच्या-खालच्या सगळ्यांत बसून जेवला, तर त्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. तो बाजूला सरकून बसला, तर पुढे कितीही गोड बोलला तरी उपयोग होत नाही.

आई-वडिलांनो, हे शिक्षण घरून द्यायचे आहे. निघताना पोराच्या पिशवीत धपाटे चार जास्त बांधा आणि सांगा, ‘वाटून खा, आणि कुणाचे दिलेले परतवू नको.’

हातांची विद्या

पावसाळा तोंडावर आला की कलमांची गडबड सुरू होते. मृदुकाष्ठ कलमात खुंटाला मधोमध उभा काप द्यायचा, काडीचे टोक पाचरीसारखे तासायचे, दोन्हींच्या सालीलगतचा थर जुळवायचा आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. वाचायला दोन ओळी लागतात, हात बसायला दोन हंगाम. काडी पेन्सिलीएवढी जाड हवी आणि डोळा फुगलेला पण फुटलेला नसावा. ‘फुगलेला’ म्हणजे किती, हे फक्त बांधणाराच दाखवू शकतो.

त्याच्याकडून शिकायचे कसे? आधी त्याच्या हाताखालची कामे करावीत. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणून द्याव्यात, पट्ट्या कापून द्याव्यात, चाकूला धार लावून ठेवावी. दोन-तीन दिवसांनी तोच म्हणेल, ‘घे, आता तू एक बांधून बघ.’ पहिली पन्नास कलमे टाकाऊ खुंटांवर बांधावीत. विकायच्या खुंटावर हात चालवून मालकाचे आणि बांधणाऱ्याचे नुकसान करू नये. आपल्या कलमांना वेगळी खूण बांधून ठेवावी आणि तीन आठवड्यांनी किती जगली ते त्यालाच दाखवावे. तो वाळलेल्या काडीची पट्टी सोडून बघतो आणि काप कुठे चुकला ते सांगतो. यापेक्षा चांगली परीक्षा कुठल्या महाविद्यालयात होत नाही.

या हातांची किंमत नांदेडने पूर्वीच पाहिली आहे. तिथल्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच ४४, म्हणजे आपला नांदेड ४४, हा संकरित कापूस ऐंशीच्या दशकात आला आणि घरोघर पेरला गेला. वाण शास्त्रज्ञांनी काढला. पण संकरित कापसाचे बी तयार होते कसे? उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज दुपारनंतर हाताने खुडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचे पराग त्यावर लावायचे. हे एकेका फुलाला करावे लागते. बियाण्याच्या प्रत्येक पिशवीमागे अशी हजारो फुले आणि ती हाताळणारी शेतमजूर बायांची बोटे असतात.

दुसरे उदाहरण दादाजी खोब्रागडे यांचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचेच एक गाव आहे, तिथला हा अल्पभूधारक शेतकरी. शाळा जेमतेम झालेली. १९८३ च्या सुमारास धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि त्यातून एचएमटी हा बारीक तांदूळ आला. नाव पडले ते त्या काळच्या घड्याळावरून. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २०१८ साली ते गेले. शेतात वाकून काम करणाऱ्या माणसाला काय दिसते, ते यावरून कळावे. तुमच्या मुलाशेजारी पिशवी भरणाऱ्या माणसालाही असेच काही दिसत असेल. विचारल्याशिवाय तो सांगणार कसा?

ऐकलेले वहीत टिपावे, आणि ते कुणाकडून ऐकले त्याचे नाव सोबत लिहावे. अहवाल लिहिताना ‘असे आढळले’ एवढेच लिहून मोकळे होऊ नये. ज्याने शिकवले त्याला विचारून त्याचे नाव घालावे, आणि तो कागद त्याला वाचून दाखवावा.

रोजाच्या पैशाची गोष्ट

शिकाऊ पोराने सर्वांत जपायचे ते इथे. पिशव्या भरण्याचे किंवा कलम बांधण्याचे काम पुष्कळ ठिकाणी उक्ते असते. शंभर पिशव्यांना इतके, शंभर कलमांना इतके, असा हिशेब असतो. पोराने उत्साहाने दोनशे पिशव्या भरल्या आणि त्या कुणाच्याच नावावर मांडल्या नाहीत, तर कुणाची तरी तेवढी मजुरी बुडते. म्हणून पहिल्याच दिवशी मुकादमाला विचारावे, ‘मी केलेले काम कुणाच्या हिशेबात धरणार?’ शक्य असेल तर ज्या मावशीने शिकवले तिच्या ढिगात आपल्या पिशव्या घालाव्यात. ती गुरुदक्षिणाच समजा.

दुसरे, मजुरी कुणाला किती, हे कळले तरी चारचौघांत बोलू नये. पण डोळे उघडे ठेवावेत. त्याच कामाला पुरुषाला जास्त आणि बाईला कमी, असा प्रकार अजून दिसतो. समान कामाला समान मोबदला देणारा कायदा देशात १९७६ सालीच झाला, आणि तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत कायम ठेवले आहे. शिकाऊ मुलाने तिथे पुढारी व्हायचे नाही. पण उद्या तोच स्वतःची रोपवाटिका काढील किंवा घरच्या शेतात मजूर लावील, तेव्हा मावशीच्या रोजाचा हिशेब त्याने विसरता कामा नये. ज्याने रांगेत बसून पाठ मोडून घेतली आहे, तो मजुराला ‘कामचोर’ म्हणताना दहा वेळा विचार करतो.

ऊन, औषध आणि एकमेकांची काळजी

सोबत काम करणे म्हणजे एकमेकांकडे लक्ष ठेवणेही आले. भर उन्हात कुणाला गरगरले, मळमळले, बोलणे अडखळले किंवा घाम येणे थांबून अंग तापले, तर ‘थोडे बस’ म्हणून भागत नाही. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसावे. शुद्धीवर असेल तर साखर-मीठ-पाणी घोट-घोट द्यावे. बोलणे भरकटले किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठावा. बाया पाणी कमी पितात, कारण आडोशाची सोय नसते. हे पोरांच्या लक्षात येत नाही. ते कळले तर मालकाच्या कानावर घालणे हे चांगल्या सोबत्याचे काम आहे.

फवारणीच्या बाबतीत तर भिडेला जागाच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय औषधाला हात लावू नये, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, फवारलेल्या जाळीत लगेच बसू नये. डब्यावरचे लिहिलेले ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवावे. शिकलेल्या पोराने त्या रांगेला देण्याजोगे हेच पहिले देणे आहे.

पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते लातूरकर विसरलेला नाही. त्या दुष्काळातून गेलेला मामा झारी कशी धरतो ते बघा. पाणी बुंध्यात पडते, वाटेत नाही. सकाळी आणि तिन्हीसांजेला पडते, भर दुपारी नाही.

लेकीला पाठवताना

आता मुलीही या कामाला मोठ्या संख्येने जातात, आणि पुष्कळदा मुलांपेक्षा लवकर रुळतात, कारण रांगेत बायाच अधिक असतात. तरी आई-वडिलांनी काही गोष्टी बघाव्यात. राहण्याची सोय कुणाच्या घरी आहे, येण्या-जाण्याचा रस्ता कसा आहे, सोबत दुसरी मुलगी आहे का, हे स्वतः जाऊन बघावे. कामाच्या जागी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ साली झाला. तो शिकाऊ मुलींना आणि रोजंदारीवरच्या बायांनाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मुलीला हे माहीत असू द्या. आणि तिला असेही सांगा की, ‘काही वावगे झाले तर तुझी चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही.’ ते वाक्य घरात आधीच बोललेले असेल तर ती वेळेवर तोंड उघडते. रांगेतली जुनी मावशी अशा वेळी पहिली ढाल होते. म्हणूनही तिची ओळख हवी.

तुमच्या मळ्यात कुणाचे पोर आले तर

कधी उलटेही होते. तुमच्याच बागेत किंवा रोपवाटिकेत शिकायला कुणाचे पोर येते. त्याला फुकटचा गडी समजू नका. पहिल्याच दिवशी सगळ्या मजुरांना बोलावून सांगा की, ‘हा शिकायला आला आहे, तुमचा रोज कमी करायला नाही.’ एवढ्या एका वाक्याने निम्मी अढी जाते. दर आठवड्याला काम बदला, आज पिशव्या तर पुढे पाणी, मग कलमे, मग विक्री. ज्याच्या हाताखाली दिले आहे त्याचा वेळ जातो, हे लक्षात ठेवून त्याला त्याचे चार पैसे वाढवून द्या. आणि चारचौघांत पोराचा पाणउतारा करू नका. तेही कुणाच्या तरी घरचे लेकरू आहे.

परतल्यावर

दहा आठवडे हा हा म्हणता जातात. निघताना सगळ्यांचा निरोप घ्यावा. कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाची सून बाळंतीण आहे, कुणाचे गुडघे दुखतात, हे तोवर माहीत झालेले असते. फोन नंबर घ्यावेत आणि सणासुदीला ‘अक्का, बरे आहे ना?’ एवढे विचारावे. पुढे कधी हाच पोरगा स्वतःची बाग लावील आणि केशरच्या कलमावर कसली कीड पडली ते कळेना म्हणून अडेल. तेव्हा पुस्तकाआधी त्याला हेच नंबर आठवतील.

आपले जुने लोक सावड करीत. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. सावडीत माणूस नुसते काम देत नसे, माणुसकी उसनी देत असे आणि ती व्याजासह परत येत असे. सुट्टीतले बागकाम हीसुद्धा एक सावडच आहे. यंदा तुमच्या घरातून कुणी जाणार असेल तर वही, पाण्याची बाटली, डोक्याला उपरणे आणि चार जास्तीचे धपाटे बरोबर द्या. आणि परत आल्यावर पहिला प्रश्न ‘पैसे किती मिळाले?’ असा विचारू नका. विचारा, ‘तिथे कोण कोण भेटले, आणि कुणाकडून काय शिकलास?’ पाच माणसांची नावे आणि पाच गोष्टी त्याने घडाघडा सांगितल्या, तर पोराची सुट्टी कारणी लागली असे खुशाल समजा.